डोळ्यांचं औषध पोटात

आता हसू नका, आधीच बजावतो! त्या दुपारी मी मरणार होतो. निदान माझी तशी खात्री होती.

नुकतंच लग्न झालेलं. म्हसळ्याहून बोर्लीला सासुरवाडीला गेलो होतो. सासरे आप्पा म्हणजे भिक्षुक, कडक सोवळ्याचे. त्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा. जेवायला बासुंदी. "घ्या हो जावईबापू!" आणि मी बहाद्दर घेतच सुटलो.

तासाभरात पोट टम्म! पण हावरट जावयानं सांगावं कुणाला? सगळे लवंडलेत बघून गुपचूप स्वयंपाकघरात शिरलो. फळीवर तपकिरी बाटली दिसली. पाचक असेल म्हणून मारला घोट.

अरे देवा, काय तो जाळ! बाटली उजेडात धरली तर वर चिठ्ठी : 'डोळ्यांत घालण्याचे. पोटात घेऊ नये. विष.'

अशी बोंब ठोकली की बायको धावत जाऊन शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आली.

चिठ्ठी वाचून डॉक्टरांचाही चेहरा पडला. "हे मीच दिलेलं. यात चांदीचे अगदी सूक्ष्म कण असतात. ते आतड्याला चिकटायच्या आत त्यांच्या अंगाला दुसरं काहीतरी चिकटवायला हवं. दूध आणा!"

"सगळं बासुंदीत आटवलं हो," सासूबाई रडकुंडीला आल्या. "गाय आता संध्याकाळीच दूध देईल. आणि बासुंदी... यांनी संपवली."

"मग अंडी! कच्चा पांढरा बलक त्या कणांना लपेटून टाकतो."

अंडी? आप्पांच्या घरात? मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी देव्हाऱ्याकडे. शेवटी आप्पाच ओरडले, "माझ्या मुलीचं कुंकू राखा! पण मागच्या पडवीत!"

शेजारच्या अमीनाबी चार अंडी घेऊन आल्या. "डोळे मिटा नि गिळा, जावईबुवा!" गिळली. प्रत्येक बुळबुळीत घोटाला रामाचं नाव घेतलं.

तेवढ्यात सासूबाईंनी बाटली नाकाशी धरली. "अगो बाई! हा तर ओव्याचा अर्क! डोळ्यांचं औषध कधीच संपलं. बाटली आतून कढत पाण्यानं धुऊन सकाळीच अर्क भरला, चिठ्ठी तेवढी काढायची राहिली, म्हटलं जावईबापूंना लागेलच."

बायकोनं तोंडात पदर कोंबला. जिवंत आहे याचा आनंद मानावा, तर आप्पा गोठ्यातून वाटी घेऊन हजर. गोमूत्र!

"शुद्धी हवी. सगळं प्यायचं."

मी काकुळतीनं डॉक्टरांकडे पाहिलं. "यावर काही उतारा?"

डॉक्टर बॅग उचलत म्हणाले, "नाही हो. याच्यापुढे अंडीसुद्धा चालायची नाहीत!"