अप्पांनी सरळ केलेल्या ओळी

मंडळी, दुपारपासून डोकं धरून बसलेय.

मी हुमनाबादजवळ एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पुलाचे बारीक तुकडे कल्पून त्याच्यावरचा ताण अनेक कॉम्प्युटरवर एकदम कसा मोजायचा, यावर मराठीत धडा लिहिला. आपल्या पोरांना असलं काही मराठीत मिळतच नाही. महिनोन्‌महिने खपले त्याच्यामागं.

माझे वडील, अप्पा, तहसील कचेरीत टायपिस्ट होते. "शुद्धलेखन तेवढं बघा," म्हणून फाइल त्यांना दिली. सकाळी "झालं" म्हणाले. धडा ज्या कार्यशाळेसाठी लिहिला होता, तिकडं मी न बघताच पाठवून दिली.

दुपारी उत्तर आलं. धड्यातला एकही प्रोग्राम चालत नाही, म्हणून धडा वगळलाय.

फाइल उघडली. प्रोग्रामच्या ओळी मुद्दाम आत-बाहेर लिहितात, त्यावरूनच मशीनला कळतं काय कशाच्या आत आहे. इथं सगळ्या ओळी एका रेषेत! अप्पांना विचारलं.

"माय, तू कामून वाकडंतिकडं लिहिलीस? एकेक ओळ सरळ केलो मी. आमच्या कचेरीत असला कागद साहेब तोंडावर फेकायचे."

जुनी प्रत मी ठेवलेली न्हाई.

"पसंत पडलं का त्यानला?" अप्पांनी विचारलं.

"व्हय अप्पा."

रिटायर झाल्यापासून एवढं खूश त्यांना बघितलं नव्हतं. आता चष्मा लावून माझ्या दुसऱ्या धड्याच्या ओळी सरळ करायलेत. मी शेजारीच बसलेय.

तुम्ही असता तर काय बोलला असता? मला तर त्यांच्या हातातला माउससुद्धा काढून घेता येईना.