मामाची निम्मी भूक

माझा मामा लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचा. कपाट, फ्रिज, काय वाटेल ते पाठीवर घेऊन धडाधड जिने चढायचा, म्हणून बरोबरीचे लोक त्याला क्रेन म्हणत. जेवायचाही तसाच. त्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, नवरा लवकर गेल्यावर त्याच्याकडे राहायला आली. मामाचं लग्नच झालेलं नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं. मामा भाताचा डोंगर फस्त करून ताट पुढे सरकवायचा आणि ती "आता भांडंही खा!" म्हणत उरलासुरला भात वाढायची. त्यातच ती भरून पावायची.

सत्तरी ओलांडली आणि मामाची भूक निम्म्यावर आली. एकदा वाढून झालं की तो ताटावर हात आडवा धरू लागला. मावशीने मीठ-तिखट बदलून पाहिलं, त्याच्या आवडीचे मासे करून पाहिले. हात आडवाच.

"माझ्या हाताची चव गेली का रे, दादा?"

"चव कुठे जातेय, चिमे! पोट भरलं."

"एवढ्याने? एवढ्याने तर मांजराचंही भरत नाही."

ती रुसली ती रुसलीच. वाढायची, पण बोलायची नाही. आणि मामाचं असं, की जेवण थोडं चालेल, गप्पा नसतील तर घास घशाखाली उतरायचा नाही. त्यामुळे तो आणखीच कमी जेवू लागला.

शेवटी मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, आजार काही निघाला नाही. तरी मावशीचं समाधान होईना, तेव्हा त्यांनी आम्हाला हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. नुसतं पडून असलेलं शरीर किती ऊर्जा खर्च करतं, ते त्यांच्याकडचं मशीन श्वासावरून मोजायचं.

सकाळी उपाशीपोटी मामाला पलंगावर निजवून डोक्यावर पारदर्शक झाकण ठेवलं.

"हलायचं नाही, बोलायचं नाही आणि झोपही काढायची नाही, आजोबा."

"मग माणसाने करायचं काय?"

"काहीच नाही. तेच तर मोजायचंय."

मावशी शेजारच्या स्टुलावर बसली. जागा असूनही गप्प असलेला भाऊ तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या कानाशी पुटपुटली, "त्याचे दंड बघ गं. कधी एवढे बारीक झाले?"

आकडा कमीच आला, पण बाई म्हणाल्या, या वयाला तो साजेसा आहे. "माणूस पडून असला तरी मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडं थांबत नाहीत. वजनाला ती थोडीशीच, पण पडल्यापडल्या होणारा बराचसा खर्च त्यांचाच. वयाबरोबर स्नायू झडतात, हे अवयवही थोडे आक्रसतात, शिवाय त्यांचा किलोमागचा खर्चही जरासा उतरतो. त्यात ओझी उचलणं बंद झालं. मग भूक पहिल्याइतकी कशी लागेल?"

"म्हणजे आतले सगळे कामचुकार झाले?" मामाने विचारलं.

"छे हो! सगळे कामावर आहेत. फक्त थोडक्यात भागवतात."

"मग स्वयंपाकात खोट नाही ना?" मावशीने घाईघाईने विचारलं.

"मुळीच नाही. पण थोडं खायचं म्हणजे कसंही खायचं नाही. रोज अंडं, मासे, डाळी हव्यातच. आणि हातापायांना काम द्या, नाहीतर स्नायू आणखी झडतील." मग बाईंनी मावशीकडे निरखून पाहिलं. "यांचं उरलेलं कोण संपवतं?"

मावशी छताकडे बघू लागली. मामा पोट धरून हसला.

"मला अन्न टाकवत नाही," ती म्हणाली.

"टाकू नका. कमी शिजवा."

येताना तिने लहान पातेलं घेतलं. "एकट्याच राहता का?" दुकानदाराने विचारलं. "दोघं आहोत!" ती ठसक्यात म्हणाली.

आता मामा रोज सकाळी पाण्याचे भरलेले कॅन उचलतो आणि फरशीवर पाणी सांडल्याबद्दल शिव्या खातो. त्याने हात आडवा केला की मावशी थांबते. डाव क्षणभर हवेत राहतो खरा, पण परत पातेल्यात जातो. जेवणं लवकर आटपतात, उठत मात्र कोणी नाही. परवा मी गेले तेव्हा मामा जिन्यात अडकलेल्या कुठल्याशा संगमरवरी टेबलाची हकिगत सांगत होता.

"तिघांनी उचललं होतं ते," मावशी म्हणाली.

"मी एकट्याने!"

"मागच्या खेपेला दोघं म्हणाला होतास."

दोघांचेही उष्टे हात वाळून खडखडीत झाले होते.