कमानीखालचा हुकूम

पूर्वेकडच्या डोंगरात आमची कंपनी पोचली तेव्हा तिथल्या चकमकी थंडावल्या होत्या. पोस्ट एका टेकडीवर होती. भोवती बांबूचं आणि उंच झाडांचं दाट रान. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर. माझं गाव माढा तालुक्यात. आमच्याकडे उसाचे आणि ज्वारीचे सपाट पट्टे, सावलीला बांधावरचं एखादं लिंबाचं झाड. त्या रानात आभाळ दिसायचं नाही. पहिले पंधरा दिवस मला गुदमरल्यासारखं व्हायचं.

पाचला उठणं, साडेपाचला हत्यारं घेऊन मोर्चावर स्टँड-टू, सातला रानात गस्त. पावसाळ्यात बूट कधीच वाळायचे नाहीत. जळवा काढायला खिशात मिठाची पुरचुंडी असायची.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक मल्लिनाथ बिराजदार होता. अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेवर त्याचं गाव. घरी कानडी, बाहेर मराठी. वडील शरणप्पा खाणीवर दगड घडवायचे. भरती होईपर्यंत मल्लिनाथही त्याच कामावर होता. वय अठ्ठावीस. बोलणं कमी, काम चोख. आम्ही एकाच जिल्ह्याचे, म्हणून तो मला जरा जवळचा. तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा.

त्या वर्षी वरून वेगळंच काम आलं. त्या रानात फार जुनी ठिकाणं होती. तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी उभे केलेले, माणसापेक्षा उंच दगड. दोन गुहा. आणि ओढ्यावर निसर्गानेच कोरलेली एक प्रचंड दगडी कमान. तिथे पर्यटक यावेत असं सरकारने ठरवलं होतं. आम्ही वाटा शोधायच्या, जीपीएसवर जागा नोंदवायच्या, फोटो काढायचे, झाडी साफ करायची.

खरं सांगतो, सोळा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच कुणाच्या मागावर नाही, तर काही बघायला म्हणून रान तुडवत होतो. मला ते आवडलं. गावचा मुखिया वाट दाखवायला असायचा. साठीचा, काटक माणूस, हिंदी मोडकीतोडकी. उभ्या दगडांपाशी पोचल्यावर तो प्रत्येक दगडावर तळहात टेकवायचा आणि एकेक नाव घ्यायचा. एकेका मेलेल्या माणसामागे एक दगड होता. मल्लिनाथने एका दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“उस्ताद, असला दगूड हितं कुटंच न्हाय,” तो म्हणाला. “वरनं वडून आणलाय ह्येनी. एका माणसासाठी!”

कमान तिथून दीड तासावर होती. मुखियाने आम्हाला ती लांबूनच दाखवली. पावसाच्या दिवसांत गावातलं कुणी तिच्याखालून जात नाही, म्हणाला. कारण विचारलं तर वर बोट केलं. कमानीच्या पोटातून पाणी झिरपत होतं. मी डायरीत तसं लिहिलं आणि रिपोर्टही दिला.

सप्टेंबरच्या शेवटी एका मोठ्या अधिकाऱ्याची व्हिजिट ठरली. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. चौथ्या दिवशी उघडलं. दुपारी दोनला पाहुणे येणार होते. त्याआधी कमानीवर पितळी अक्षरांचा बोर्ड बसवायचा, असा हुकूम झाला. दगडकाम येतं म्हणून मल्लिनाथला पाठवायचं, हे आमच्या कंपनी कमांडरनी, मेजर साहेबांनीच ठरवलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही.

आम्ही सहा जण ०८४० ला कमानीपाशी पोचलो. बांबूची परांची बांधली. मल्लिनाथ वर चढला, हातोडीने तीन-चार जागी ठोकून बघितलं आणि लगेच खाली उतरला.

“आतनं पोकळ वाजतंय, उस्ताद. आपला काळा दगूड वायला. ह्यो पाणी पिऊन बसलाय. भोकं न्हाय पाडायची ह्येला.”

मी रेडिओवर मेजर साहेबांना गाठलं. वेळ ०९१०.

“अल्फा वन बोलतोय, सर. दगड सैल आहे. बिराजदार म्हणतो काम करणं धोक्याचं आहे. बोर्ड बाजूच्या झाडाला लावू का? ओव्हर.”

“निगेटिव्ह. कमानीवरच पाहिजे. फोटोत आला पाहिजे. ओव्हर.”

“सर, पावसात गाववालेही खालून जात नाहीत. ओव्हर.”

“हवालदार, ही सूचना नाही, हुकूम आहे. कॅरी ऑन. आउट.”

मल्लिनाथ समोरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“उस्ताद, नगं,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, “हुकूम हाय. बिगीनं उरक.”

त्याने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. खाली उभ्या दोघांना म्हणाला, “तुमी लांब व्हा.” आणि वर गेला. पहिलं भोक झालं. दुसऱ्यावर छिन्नी बसली असेल-नसेल, तेवढ्यात कमानीच्या पोटाचा एक थर सुटला. खाटेएवढा. परांचीसकट मल्लिनाथ ओढ्यात गेला आणि थर त्याच्यावर. वेळ ०९५०.

पहारी आणि बांबू लावून तो दगड हलवायला आम्हाला दीड तास लागला. मुखिया गावातून वीस माणसं घेऊन आला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मल्लिनाथ केव्हाच गेला होता.

स्ट्रेचर पोस्टवर पोचलं तेव्हा दुपारचा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दोनला पाहुणे आले. त्यांना कमानीकडे नेलं नाही. उभ्या दगडांपाशी फोटो झाले, चहा झाला. स्टोअरच्या खोलीत मल्लिनाथला पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं, तिथपर्यंत टाळ्या ऐकू आल्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाबात रेडिओवरचं सगळं बोलणं सांगितलं. चार दिवसांनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला. त्यात रेडिओ नव्हता. नाईक बिराजदार हेल्मेटशिवाय, सूचना डावलून कमानीवर चढला, असं लिहिलं होतं. मेजर साहेब म्हणाले, “युनिटचं नाव आहे. तुझं प्रमोशन बोर्डसमोर आहे. बघ.”

मी सही केली. तीन महिन्यांनी नायब सुभेदार झालो.

निवृत्तीनंतर सोलापुरात आलो. नवी पेठेतल्या एका कापड दुकानात सिक्युरिटी बघतो. गेल्या हिवाळ्यात मालकांचा मुलगा सहलीहून आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

“काका, तुम्ही त्याच भागात होता ना? हे बघा, काय भारी स्पॉट आहे!”

कमान होती. पोटाला थर सुटल्याची फिकट जखम. लोखंडी कठडा, तिकीटखिडकी. तो हात पसरून मधोमध उभा. मला म्हणाला, “तो तुकडा ना, वीज पडून तुटला. गाइडने सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मल्लिनाथच्या गावी गेलो. अंत्यविधीनंतर एकदाही गेलो नव्हतो. शरणप्पा ओसरीवर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रेडिओ, हुकूम, सही. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

“तुमी सई केलासा?”

“केली.”

मल्लिनाथच्या आईला मराठी येत नव्हतं. शरणप्पांनी तिला कानडीत सांगितलं. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

“ती इचारतीया, पोरानं नगं म्हटलं व्हतं का?”

“म्हटलं होतं.”

“कितीदा?”

“दोनदा.”

शरणप्पांनी तेही तिला सांगितलं. ती उठली आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

शरणप्पा म्हणाले, “त्यो चवकशीचा कागद आला तवा चावडीत वाचला व्हता. समद्या गावानं ऐकलं. शाळंत पोराचा फोटू लावायचा व्हता, त्यो ऱ्हायला. मला कशाला सांगतासा? चावडीत सांगा की.”

मी चावडीत सांगितलं. दहा-बारा माणसं होती. सांगून झाल्यावर मागून एकजण म्हणाला, “मग तवा का गप बसला?”

मी म्हणालो, “प्रमोशन होतं.”

माणसं एकेक करून उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एसटी थांब्यापर्यंत एकटा चालत आलो.

रेकॉर्ड ऑफिसला दोन पत्रं लिहिली. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर आलं. मेजर साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. शाळेत फोटो अजून लागलेला नाही. म्हणून निदान इथे लिहून ठेवतो.

नाईक मल्लिनाथ शरणप्पा बिराजदार. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि पट्टा आवळलेला होता. त्याने दोनदा नको म्हटलं. वर चढण्याआधी आपल्या दोन जवानांना लांब केलं, ते दोघं आज जिवंत आहेत. तो निष्काळजीपणाने मेला नाही. हुकूम मी दिला. त्याने तो पाळला.