आईची म्हैस आणि दोन व्हीलॅन

पिंपळगाव राजाला आम्ही भाऊ वेगळे झालो, पण इंटरनेटची लाइन एकच राहिली. दादाच्या सांगण्यावरून मी राउटरवर दोन व्हीलॅन केले, म्हणजे एकाच लाइनवर दोन वेगळी नेटवर्कं, एकातलं दुसऱ्यात न दिसणारी. वायर तीच, पण दोन्ही घरांच्या डेटाला वेगवेगळे टॅग. दादाच्या टीव्हीला टॅग कळत नाही, म्हणून त्याचा पोर्ट तेवढा अनटॅग्ड.

आई दादाकडे राहायची. गुडघ्यांमुळे ती गोठ्यातली म्हैस कॅमेऱ्यातून मोबाइलवर बघायची. गोठा माझ्या वाट्याचा, म्हणून कॅमेराही माझ्या व्हीलॅनमध्ये गेला; आईचा फोन दादाच्या व्हीलॅनमध्ये राहिला.

"बापू, माही म्हैस दिसून नाही राह्यली," ती म्हणाली.

मी दोन व्हीलॅनमधली वाट खुली करणार होतो, पण दादा म्हणाला, "वेगळं म्हनजे वेगळं." मी वाट बंदच ठेवली.

आई वारल्यावर दादाच तिचा फोन घेऊन आला. "आता चालू करून दे." राउटरमध्ये एक नियम घालायचं काम होतं. मग आम्ही दोघं तिच्या फोनवर म्हैस बघत बसलो.