गिरणीतला प्लग

आमच्या वन्सं तशा मोजकंच बोलणाऱ्या, पण विजेच्या गाडीचा विषय निघाला की त्यांचं तोंड थांबत नाही. बस बंद झाल्यापासून सहा वस्त्यांना त्यांच्याच आठ माणसांच्या गाडीचा आधार. पुढे अशा तीन गाड्या होतील, गिरणीच्या छपरावर सौर पॅनेल बसतील, रस्त्याला डिझेलचा वासही राहणार नाही, असं त्या भांडी घासताना सांगत असतात आणि मी नुसतं हूं हूं करते. नियम मात्र त्यांचा एकच आणि कडक: शेवटचे तीस टक्के चार्जिंग आजारी माणसासाठी. आकडा तीसवर आला की गाडी गिरणीतल्या प्लगला लागते, मग कोणी कितीही गयावया करो.

त्या दिवशी दुपारी अशीच गाडी लावून आम्ही जेवायला घरी आलो. दोन-तीन तासांनी गिरणीवाले धापा टाकत दारात. त्यांच्या लेकीला पंधरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्तही जात होतं. वन्संनी धावत जाऊन गाडी सुरू केली. आकडा एकतीस. दवाखाना पस्तीस किलोमीटर, त्यात शेवटी मोठा चढ.

"वीज गेली होती का?" वन्संनी विचारलं.

"नाही ताई." गिरणीवाल्यांनी मान खाली घातली. "मीच पिन काढली. वायर हाताला गरम लागली. म्हटलं, फोनसारखी बॅटरी फुगायची."

वन्संनी मागचं दार उघडून लेकीला आत घेतलं. गिरणीवाले पुढे बसले, मी मागे लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. पंखा बंद, गाणी बंद, सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर. बावीस. सतरा. लेक सारखी विचारायची, "आलं का?" आणि मी धडधडीत खोटं सांगायचे, "आलंच." चढाच्या पायथ्याशी नऊ उरले, आणि वर अजून सहा किलोमीटर.

"थांबवा," गिरणीवाले म्हणाले. "माझं वजन नव्वद किलो. मी येतो चालत."

वन्संनी गाडी थांबवली. बापाला असं वाटेत सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते उतरले, दार नीट लावलं आणि छपरावर थाप मारली. नव्वद किलोंनी कितीसा फरक पडतो, हे मला अजून माहीत नाही.

दोन टक्के उरले असताना आम्ही दवाखान्याच्या फाटकात शिरलो. लेकीला आत नेलं. गाडी भिंतीजवळच्या प्लगला लावून आम्ही दोघी पायरीवर बसलो, एक डोळा दाराकडे, एक रस्त्याकडे. तासाभराने नर्स येऊन सांगून गेली. गिरणीवाले त्यानंतर बऱ्याच वेळाने पोहोचले, गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले.

"नात झाली," वन्सं म्हणाल्या. "दोघी बऱ्या आहेत. जा आत."

त्यांनी डोळे पुसले, पण आत गेले नाहीत. प्लगशेजारी भिंतीला टेकून खालीच बसले.

"तुम्ही आधी बघून या ताई," ते म्हणाले. "मी इथे बसतो. कोणीतरी काढेल."