नाकावर चालणारी भट्टी

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बेकरीत घड्याळ नाही. कधीच नव्हतं. म्हणून लोकांनी तिच्या मालकालाच ‘घड्याळकाका’ करून टाकलं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की खऱ्या नावानं हाक मारली तर काका वळूनही बघत नसत.

काकांचा केक जुन्या वळणाचा. वर क्रीम नाही, रंग नाही, नक्षी नाही. लोणी, अंडी, मैदा, साखर आणि किसलेली संत्र्याची साल, एवढंच. कागद घातलेल्या लांबट डब्यात तो लाकडाच्या भट्टीत भाजायचा. या भट्टीची आच रोज वेगळी, त्यामुळे अमुक इतकी मिनिटं असं तिथे चालत नाही. मधेच दार उघडून पाहिलं तर फुगलेला केक बसतो. म्हणून काका दार उघडत ते एकदाच, केक काढायला. ते कधी उघडायचं हे त्यांचं नाक सांगे. बाहेर दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता बोलता ते वाक्य अर्धं टाकून आत पळत, आणि आम्ही उरलेल्या वाक्यासाठी ताटकळत उभे.

त्यांची लेक माझी विद्यार्थिनी. गणितात पक्की, जिभेला तिखट. आता काउंटर तीच सांभाळते. घंटी वाजवणारी विजेची भट्टी घेऊ या म्हणून ती चार-पाच वर्षं वडिलांच्या मागे लागली होती. काकांचं उत्तर ठरलेलं. ज्या दिवशी माझं नाक चुकेल त्या दिवशी भट्टी विझवीन आणि खुर्ची टाकून बसेन. हे ते चारचौघांत, अगदी छाती पुढे काढून सांगत.

मी दर शनिवारी अर्धा केक आणते. थंडी सरता सरता एका शनिवारी केकचा तळ काळा निघाला. मी चाकूनं खरवडला आणि गप्प बसले. पुढच्या शनिवारी तो मधोमध ओला होता. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. लेकीला वाटलं, लाकडं ओली आली. तिनं लाकूडवाल्याला भर दुकानात फैलावर घेतलं. काका तेव्हा खाली मान घालून अंडी फेटत होते.

मग एका बुधवारी डबा परत द्यायला मी मागच्या दारानं आत गेले. काका भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. त्यांच्या पाठीमागे कोपऱ्यात ठेवलेलं फडकं निखाऱ्यानं धुमसत होतं. जळक्या कापडाच्या वासानं मला ठसका लागला, आणि काका मात्र हसून ‘या बाई’ म्हणाले. मी फडकं उचलून बादलीत टाकलं. तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं.

“मला कळलंच नाही,” ते म्हणाले. “दोन महिने झाले, बाई. तापात वास गेला तो परत आलाच नाही.”

डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. वाट बघा, एवढंच तिथून कळलं होतं. आणि वाट बघायला सवड नव्हती. येत्या रविवारी बारा केक द्यायचे होते. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांच्या लग्नातला केक काकांच्या वडिलांनी याच भट्टीत भाजला होता, आणि म्हाताऱ्यांना हवा होता तो तोच. काकांनी हो म्हणून टाकलं होतं.

मी म्हटलं, लेकीला सांगा. ते म्हणाले, सांगितलं की भट्टी विझली, माझ्याच तोंडानं बोलून बसलोय. मग त्यांनी विचारलं, रविवारी तुमचं नाक उसनं द्याल का?

त्यांनी मला धडा दिला. आधी अंड्याचा वास येईल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मग साखरेचा येईल, त्याला भुलायचं नाही. तिसरा खमंग, भाजलेल्या बदामासारखा. तो आला की लगेच सांगायचं, कारण तो फार थांबत नाही. मी घरी येऊन हे कागदावर लिहून काढलं आणि रात्री दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी सहा डबे आत गेले, दार लागलं. मी भट्टीजवळ बसले. लेकीनं पडद्यातून डोकावून विचारलं, “बाई, तुम्ही इथे? बाबांची परीक्षा घेताय की काय?” थंडी वाजत होती म्हणून शेकतेय, असं मी सांगितलं. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. विद्यार्थ्यांशी मी सहसा खोटं बोलत नाही. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, पण गिऱ्हाइकांनी हाका मारल्या.

अंड्याचा वास आला. साखरेचा आला. मग काहीच नाही. काका लांब दांड्याचं फावडं धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसे. आला का, त्यांनी विचारलं. नाही. पुन्हा विचारलं. नाही. मी खोल श्वास घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की आता साखरेचाही वास येत नाहीये.

“काका, मला कसलाच वास येत नाही.”

त्यांनी कपाळावर हात मारला. आत बसलेल्याचं नाक सरावतं, त्याला काही कळेनासं होतं. म्हणून तर ते आयुष्यभर बाहेर दुकानात उभे राहत आले. आम्ही समजत होतो, माणूस गप्पिष्ट आहे. नाक गेल्यापासून ते आतच बसू लागले, आणि एवढी साधी गोष्ट मला सांगायची राहून गेली.

ते भट्टीच्या दाराकडे बघत राहिले, मग पडद्याकडे.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “जरा आत ये.”

ती हात पुसत आली.

“वास घे. काढायचे का?”

“म्हणजे? तुम्हाला येत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“आधी हे सांग.”

तिनं श्वास घेतला. “काढा. आत्ता काढा.”

काकांनी दार उघडलं. सहा केक. कडेचे दोन कोपऱ्यांना जरा जास्त तांबूस, बाकीचे हवे तसे. त्यांनी भट्टीत दोन लाकडं सारली, दुसरे सहा डबे आत ठेवले आणि दार लावलं. मला वाटलं, आता ती बोलेल. चार-पाच वर्षांचं साठलेलं होतं.

“लाकूडवाल्याची माफी मागायला तुम्ही जायचं,” ती म्हणाली.

“जाईन. आणि उद्या भट्टी विझवू?”

“आधी हे सहा निघू देत.”

ती काउंटर ओलांडून थेट रस्त्यावर गेली. मला तिनं खुणेनं गिऱ्हाइकांकडे पाठवलं. समोरच्या फुटपाथवर ती हाताची घडी घालून उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती दारापर्यंत आली.

“आता?” आतून काकांनी विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा रस्ता ओलांडून गेली. काका फावडं धरून पडद्यापाशी उभे राहिले.