ओठाआडची पांढरी जागा

माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. पण लेकीचा एक अंगठा जन्मापासून खुरटा, आणि पुढे अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठू लागले, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, की हिच्या हाडांतला मगज रक्त करायला कमी पडतोय. तुम्हा दोघांत दोष झोपलेला होता, हिच्यात तो एकत्र आला. अंगठ्याचा आणि रक्ताचा काय संबंध, असं मी खोदून विचारलं. दोन्ही एकाच दोषातून, असं त्यांनी समजावलं. निघताना म्हणाले, "अशा मुलांना कॅन्सरचा धोका फार. तोंडात बघत जा. तंबाखूचा वाराही नको." हे शेवटचं मी घरी कुणालाच सांगितलं नाही. पोरीचं लग्न जमायचं कसं, ही भीती. शिवाय आमचं लग्न माझ्या आईनेच हौसेने जुळवलेलं, ती स्वतःला दोष देत बसली असती.

लेक सोळाची झाली. एका शनिवारी तिला घेऊन शिंगणापूरला गेलो. ओलेत्याने चौथऱ्यावर तेल घातलं आणि विचारलं, देवा, हिच्याच वाट्याला का? परत आलो तर ती रसवंतीच्या बाकावर तोंडावर हात धरून बसलेली, शेजारी एक अनोळखी म्हातारी.

"लिंबू झोंबतंय व्हय गं? आ कर." म्हातारीने तिचा ओठ खाली ओढला. आत पांढरी, खरखरीत जागा होती. "तंबाकूची मिशरी लावतीस?"

"हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आजी लावून देते."

म्हातारी माझ्याकडे वळली. "आमच्या मालकांचं बी असंच हुतं. उष्णता म्हनून बसलो. आदी जबडा गेला, मग मानूस. दादा, द्येवाला तेल घातलं, लेकीच्या तोंडात कदी बघितलं का?"

 म्हातारी गेल्यावर त्याच बाकावर लेकीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आजीला आधीच सांगायचं ना, आप्पा. मला मिशरी आवडतसुद्धा नव्हती."

घरी आईलाही सगळं सांगितलं, मिशरी सुटली. पुण्यात ती जागा काढली. डॉक्टर म्हणाले, अजून बिघडलेली नव्हती, वेळेवर आलात. पुढे त्या म्हातारीला मी पुष्कळ शोधलं. रसवंतीवाल्याला ती आठवतही नव्हती. तिला कुणी पाठवलं, हे कुतूहल अजून आहे. पण आता मी उत्तर मागत नाही. सकाळी अंगणात ऊन आलं की लेक आ करते, माझी आई आरशाने ऊन आत पाडते, मी बघतो. बघणं तेवढं माझं. पुढचं देवाच्या पायाशी ठेवलंय.